आपल्या खळ्यातून जाणारे रेखावृत्त कसे शोधावे

रत्नागिरी शहरातून मिऱ्याच्या दिशेने जाताना आपण १७ अंश उत्तर हे अक्षवृत्त ओलांडतो. तिथे पाटी नाही, गडगा नाही, रस्त्यावर पांढरा पट्टाही नाही. तरीही सरकारी नकाशा, पंचांगातला सूर्योदय, मच्छीमार बोटीवरचा जीपीएस आणि आपल्या खिशातला फोन हे सारे त्याच रेषेचा हिशोब धरून चालतात. शाळेत या रेषांची ओळख ‘काल्पनिक रेषा’ अशी करून दिली जाते आणि पुष्कळांच्या मनात त्या शब्दाचा अर्थ ‘खोट्या रेषा’ असा राहून जातो. मला हे फार खटकते. या रेषा जमिनीवर आखलेल्या नसल्या, तरी त्या सूर्याशी, ध्रुवताऱ्याशी आणि पृथ्वीच्या फिरण्याशी बांधलेल्या आहेत, आणि एक काठी, एक ओळंबा व एक घड्याळ एवढ्या सामग्रीवर कोकणातल्या कोणत्याही खळ्यात त्या मोजता येतात. शाळेतला भूगोल पुसट झालेल्या, पण हे एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे असे वाटणाऱ्या वाचकासाठी हा लेख आहे.

आधी दोन व्याख्या, थोडक्यात. विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला आपण किती अंश आहोत, ते अक्षांश सांगतो. विषुववृत्तावर तो शून्य असतो आणि ध्रुवांवर ९०. ठरवून घेतलेल्या एका मूळ रेखावृत्तापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला आपण किती अंश आहोत, ते रेखांश सांगतो. अक्षवृत्ते एकमेकांना समांतर असल्यामुळे त्यांच्यातले अंतर सगळीकडे जवळपास सारखेच, म्हणजे दर अंशाला सुमारे १११ किलोमीटर असते. रेखावृत्ते मात्र ध्रुवांकडे जाताना एकत्र येतात, त्यामुळे विषुववृत्तावर १११ किलोमीटर असणारा रेखांशाचा एक अंश रत्नागिरीच्या अक्षांशावर सुमारे १०६ किलोमीटरच भरतो.

सामग्री आणि हंगाम

जमिनीवर १ मीटर उभी राहील अशी सरळ काठी, गवंड्याचा ओळंबा, सुतळी, चुना किंवा खडू, मोजपट्टी, मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि वेळ बरोबर दाखवणारा फोन एवढे जवळ ठेवावे. पावसाळा संपल्यावर चोपून सारवलेले खळे या कामाला उत्तम, कारण ते सपाट असते; तसे नसेल तर सिमेंटची गच्ची चालेल. माडांची सावली नको, आणि जून ते सप्टेंबर या काळात हा खटाटोप करू नये, कारण ढगांमुळे निम्मे माप हातचे जाते. शिमग्याच्या आगेमागे येणारा २० किंवा २१ मार्चचा दिवस नवख्याला सर्वांत सोयीचा आहे. त्याचे कारण पुढे येईल.

पहिली पायरी: उत्तर-दक्षिण रेषा आखणे

काठी जमिनीत घट्ट रोवावी आणि ती दोन्ही बाजूंनी ओळंब्याशी जुळते का, हे पाहावे. ही तपासणी टाळू नये, कारण काठी कललेली राहिली तर पुढचे सगळे आकडे तितकेच कलतात. काठीच्या बुडाशी सुतळी बांधून तिच्याभोवती ६० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे. सकाळी काठीची सावली लांब असते आणि तिचे टोक वर्तुळाबाहेर पश्चिमेकडे पडते. ऊन चढेल तशी ती आखडत येते आणि एका क्षणी तिचे टोक वर्तुळाला टेकते. मार्चमध्ये हे साधारण अकराच्या सुमारास घडते. त्या जागी खूण करावी आणि वेळ लिहून ठेवावी. दुपारी सावली पुन्हा वाढू लागते आणि अडीचच्या सुमारास तिचे टोक पूर्वेकडे वर्तुळाला टेकून बाहेर पडते. तिथे दुसरी खूण करावी आणि तीही वेळ लिहावी.

या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. मग प्रत्येक खुणेवर सुतळीचे टोक धरून, दोन्हीकडून सारख्याच त्रिज्येचे असे दोन कंस काढावेत, की ते एकमेकांना दोन ठिकाणी छेदतील. दोन कंसांमध्ये माशासारखी आकृती तयार होते आणि तिच्या तोंडापासून शेपटीपर्यंत ओढलेली रेषा काठीच्या बुडातून जाते. हीच आपली उत्तर-दक्षिण रेषा, म्हणजेच आपल्या खळ्यातून जाणाऱ्या रेखावृत्ताचा एक तुकडा. ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात १२ अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ उभी खुंटी, उभारून नेमकी हीच कृती सांगितली आहे, आणि तिथेही त्या आकृतीला मत्स्य असेच म्हटले आहे.

ताळा म्हणून होकायंत्र लावून पाहावे. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात पृथ्वीवर पुष्कळ ठिकाणी बराच फरक पडतो, पण कोकणात तो एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे इथे सुई आणि सावली जवळजवळ एकच दिशा दाखवतात. या फरकाची नोंद ठेवणारी जुनी वेधशाळा आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागला आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय निरीक्षण १९०४ मध्ये तिथे हलवण्यात आले. फोनमधले होकायंत्र वापरताना लोखंडी खुर्ची किंवा मोटारसायकल जवळ नसावी.

दुसरी पायरी: सावलीवरून अक्षांश

दिवसातली सर्वांत आखूड सावली नेमकी या उत्तर-दक्षिण रेषेवर पडते आणि तो आपल्या जागेचा खरा मध्यान्ह असतो. मार्चमधल्या विषुवदिनी सूर्य विषुववृत्तावर असल्यामुळे त्या क्षणी तो आपल्या डोक्यावरच्या बिंदूपासून जितके अंश दक्षिणेला ढळलेला असतो, तितकाच आपला अक्षांश असतो. म्हणूनच हा दिवस सोयीचा म्हटला. वेगळे कोष्टक लागत नाही. सावलीच्या लांबीला काठीच्या उंचीने भागावे आणि फोनमधल्या गणकयंत्रावर त्या भागाकाराचा व्यस्त टॅन्जन्ट (tan⁻¹) काढावा, की अंश मिळतात.

१ मीटर काठीची त्या दिवशीची मध्यान्ह सावली रत्नागिरीत सुमारे ३०.६ सेंटिमीटर येते. मालवणला ती २८.८, हर्णैला ३२.१ आणि अलिबागला ३३.७ सेंटिमीटर भरते. वेंगुर्ल्याला २८.४ आणि डहाणूला ३६.३, म्हणजे कोकणच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक पडतो तो जेमतेम ८ सेंटिमीटरचा. पण या ८ सेंटिमीटरांत केवढा ऐवज आहे, ते पाहावे. वेंगुर्ले आणि डहाणू जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत आणि दोघांमधले सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४५६ किलोमीटर आहे. दोन्ही सावल्यांवरून निघणाऱ्या कोनांतला फरक ४.१ अंशांच्या आसपास येतो. एवढ्या अंशांना ४५६ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती, असे त्रैराशिक मांडले की उत्तर ४०,००० किलोमीटरच्या जवळ येते, आणि तोच पृथ्वीचा परीघ. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांसाठी हीच युक्ती वापरली होती. दोन टोकांच्या दोन शाळांनी एकाच दुपारी हे माप घेऊन फोनवर एकमेकांना कळवावे, असे मला मनापासून वाटते.

नवख्याचा घोळ होतो तो सावलीच्या टोकाशी. सूर्याचे बिंब स्वतःच अर्ध्या अंशाचे असल्यामुळे १ मीटर काठीच्या सावलीची कड जवळपास एक सेंटिमीटर धूसर दिसते, आणि मार्चमध्ये एका सेंटिमीटरची चूक म्हणजे अक्षांशात सुमारे अर्ध्या अंशाची, जमिनीवर ५८ किलोमीटरची चूक. यावरचा उपाय कौलारू घरात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. फुटक्या कौलातून जमिनीवर जसा गोल कवडसा पडतो, तसाच कवडसा पाडण्यासाठी काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा बसवावा, भोकाची उंची बरोबर १ मीटर ठेवावी आणि सावलीच्या कडेऐवजी कवडशाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. या एका बदलाने माप किती सुधारते, ते पाहून पहिल्यांदा मी थक्क झालो होतो.

दुसऱ्या एखाद्या दिवशी मोजायचे असेल, तर त्या दिवसाची सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, ते पंचांगातून घ्यावे. सावली उत्तरेकडे पडत असेल, तर मिळालेल्या कोनात उत्तर क्रांती मिळवावी आणि दक्षिण क्रांती वजा करावी. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला क्रांती दक्षिण २३.४ अंश असते, रत्नागिरीत सावली ८५ सेंटिमीटर म्हणजे ४०.४ अंशांची पडते, आणि वजाबाकी पुन्हा १७ वरच येते.

तिसरी पायरी: रात्रीचा ताळा

ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो, तितका आपला अक्षांश, हा नियम अरबी समुद्रातले नाखवे होकायंत्राच्याही आधारावाचून वापरत आले. अरब खलाशी गाठी मारलेल्या दोरीला बांधलेली लहानशी फळी डोळ्यांसमोर धरत. दोरीची ठरावीक गाठ दातांत धरली की फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची कड ध्रुवाला टेकली पाहिजे. टेकली की तांडेलाला कळे, आपण अमुक बंदराच्या अक्षांशावर आलो, आता सरळ पूर्वेला वळावे. या साधनाला कमाल म्हणत.

आपण कोनमापकाचा उपयोग करावा. त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली खिळ्याचे वजन सोडावे, सरळ कड ध्रुवताऱ्याच्या रोखाने धरावी आणि दोरा ९० च्या खुणेपासून किती अंश सरकला, हे दुसऱ्या कोणाला तरी वाचायला सांगावे. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला आहे आणि उत्तरेला बहुधा डोंगर किंवा एखादे भूशिर आडवे येते, त्यामुळे क्षितिजावर विसंबण्यापेक्षा ओळंब्याची ही रीत बरी. मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी सप्तर्षींतले क्रतू आणि पुलह हे दोन तारे ध्रुवाकडे बोट दाखवतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शर्मिष्ठा या तारकासमूहावरून शोध घ्यावा. हात पूर्ण लांब केल्यावर मूठ साधारण १० अंश झाकते, म्हणून रत्नागिरीत ध्रुव दोन मुठींहून थोडा खालीच सापडेल. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त ढळलेला असल्यामुळे एका वेधात ७० किलोमीटरपर्यंतचा फरक धरून चालावे.

चौथी पायरी: घड्याळावरून रेखांश

अक्षांश निसर्गच देतो, कारण विषुववृत्त आणि ध्रुव पृथ्वीच्या फिरण्यातूनच ठरतात. रेखांशाचा शून्य मात्र माणसांना ठरवावा लागला. आपल्या ज्योतिर्गणितात ती मूळ रेषा लंकेहून उज्जैनीवरून कुरुक्षेत्राकडे आणि पुढे मेरूकडे जाणारी धरली जाई, आणि आपले गाव त्या रेषेच्या पूर्वेला की पश्चिमेला, यावरून गणिताला देशांतराचा संस्कार, म्हणजे रेखांशातल्या फरकाची दुरुस्ती, देत. आज चालते ती ग्रीनिचची रेषा ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत स्वीकारली गेली. २५ देशांपैकी २२ देशांनी तिच्या बाजूने मत दिले, एकाने विरोध केला, तर फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले.

मोजण्याचे तत्त्व असे की पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे दर अंशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे पूर्व या रेखावृत्ताची आहे. रत्नागिरी ७३.३ अंशांवर, म्हणजे तिथून ९.२ अंश पश्चिमेला, ९.२ गुणिले ४ म्हणजे जवळपास ३७ मिनिटे. म्हणून घड्याळात बारा वाजतात तेव्हा रत्नागिरीचा सूर्य माथ्याकडे यायचा असतो आणि सरासरी मध्यान्ह १२ वाजून ३७ मिनिटांनी होतो. उज्जैनीचा मध्यान्ह त्याआधी सुमारे १० मिनिटे होऊन गेलेला असतो. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. त्यापूर्वीची मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होती, आणि शहराने ती जुनी वेळ पुढेही अनेक दशके सोडली नाही. त्या हट्टामागे भावना होतीच, पण त्याला सूर्याचाही आधार होता.

आता आपण पहिल्या पायरीत लिहून ठेवलेल्या दोन वेळा उपयोगाला येतात. समजा, १५ एप्रिलला ५० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाला सावली सकाळी १० वाजून ५२ मिनिटांनी आणि दुपारी २ वाजून २२ मिनिटांनी टेकली. दोहोंचा मध्य १२ वाजून ३७ मिनिटे. त्यातून साडेपाच तास वजा केले की ग्रीनिचची वेळ सकाळचे ७ वाजून ७ मिनिटे येते. आपल्याकडे मध्यान्ह असताना ग्रीनिचला मध्यान्हाला ४ तास ५३ मिनिटे, म्हणजे २९३ मिनिटे उरली होती. २९३ भागिले ४ म्हणजे ७३.२५ अंश पूर्व. एका मिनिटाची चूक पाव अंश, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर सरकवते, हे लक्षात ठेवून वर्तुळे एकाऐवजी तीन आखावीत आणि तिन्हींच्या उत्तरांची सरासरी घ्यावी.

मी १५ एप्रिल मुद्दाम निवडला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे सूर्याचा मध्यान्ह वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होत राहतो. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या तारखांच्या आसपास हा फरक शून्य असतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सुमारे १४ मिनिटे उशिरा येतो आणि रत्नागिरीचा मध्यान्ह १२ वाजून ५१ मिनिटांवर जातो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १६ मिनिटे लवकर, म्हणजे १२ वाजून २० मिनिटांच्या सुमारास होतो. या दुरुस्तीला कालसमीकरण म्हणतात. ती न करता नोव्हेंबरात रेखांश काढला, तर आपले गाव ४ अंश पूर्वेला, पार घाटावर जाऊन पडेल.

आकडे लिहिताना

स्वतः मोजलेला आकडा फोनमधल्या आकड्याशी ताडताना सर्वांत जास्त चुका लिहिण्याच्या पद्धतीत होतात. एका अंशाची ६० मिनिटे आणि एका मिनिटाचे ६० सेकंद. पण फोन बहुधा अंशांचे दशांश दाखवतो, तर बोटीवरचा जीपीएस अनेकदा अंश आणि मिनिटांचे दशांश दाखवतो. माझ्याच वहीत मी एकदा १६ अंश ३० मिनिटे हा आकडा १६.३० असा उतरवून घेतला होता. १६ अंश ३० मिनिटे म्हणजे १६.५० अंश, ०.२ अंशाच्या त्या चुकीने विजयदुर्गाजवळची जागा २२ किलोमीटर दक्षिणेला, देवगडच्याही पलीकडे गेली, आणि नकाशावर शोधताना माझी अख्खी सकाळ वाया गेली. म्हणून आकड्यापुढे अंश, मिनिटे हे शब्द लिहायचेच.

दुसरी चूक क्रमाची. आधी अक्षांश, मग रेखांश. कोकणात पहिला आकडा १५.७ ते २०.२ च्या दरम्यान आणि दुसरा ७२ ते ७४ च्या आसपास असला पाहिजे. १७ आणि ७३ ची अदलाबदल झाली, तर नॉर्वेच्या उत्तरेकडचा बर्फगार समुद्र समोर येतो. दशांशानंतर चार स्थळे म्हणजे सुमारे ११ मीटर आणि पाच म्हणजे एक मीटर. फोनची अचूकताच काही मीटरांची असल्याने पाचपेक्षा जास्त आकडे उतरवण्यात अर्थ नाही.

कागदावर आणि समुद्रावर

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश यांतला प्रदेश ४७ क्रमांकाच्या नकाशात येतो. जवळजवळ अख्खे कोकण त्यात मावते. फक्त १६ अंशांच्या खालचे वेंगुर्ले ४८ मध्ये आणि २० अंशांच्या वरची तलासरी ४६ मध्ये जाते. ४७ चे एकेका अंशाचे सोळा भाग, आणि त्या प्रत्येकाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे आणखी सोळा भाग, अशी घडी आहे. हा पट ज्या मोजणीवर उभा आहे, ती विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केली आणि १८२३ मध्ये तो आपल्या हिंगणघाटला, कामावर असतानाच वारला.

समुद्रात या रेषांची किंमत पोटाशी येते. अक्षांशाच्या एका मिनिटाचे अंतर तेच एक सागरी मैल, १,८५२ मीटर. म्हणून समुद्री नकाशावर अंतर मोजताना बाजूच्या उभ्या, अक्षांशाच्या पट्टीवर कंपास लावावा. खालच्या रेखांशाच्या पट्टीवर कधीही लावू नये. किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत भारताचा प्रादेशिक समुद्र आणि २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र आहे. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारी पालघर जिल्ह्यातली माणसे पाण्यावरची न दिसणारी सरहद्द ओलांडल्यामुळे पाकिस्तानच्या तुरुंगात अडकली आहेत. बोटीवर नव्याने जाणाऱ्या मुलाला जाळे ओढण्याइतक्याच कळकळीने जीपीएसवरचे दोन आकडे वाचायला शिकवले पाहिजे, असे मी म्हणतो ते यासाठी.

शेवटची पायरी मे महिन्यासाठी राखून ठेवावी. अख्खे कोकण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर माथ्यावर येतो. मालवणला ५ मेच्या, रत्नागिरीला ८ मेच्या आणि अलिबागला १४ मेच्या सुमारास मध्यान्ही काठीची सावली तिच्या बुडातच नाहीशी होते. दुसरी संधी जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात येते, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत मध्यान्हाची सावली दक्षिणेकडे पडते. तेव्हा क्रांतीतून सावलीचा कोन वजा करावा, म्हणजे अक्षांश मिळतो. आपली काठी मार्चपासून रोवलेलीच ठेवावी, आखलेल्या उत्तर-दक्षिण रेषेवर रोजच्या मध्यान्हाची खूण करत जावे, आणि सावली काठीला पार करून दक्षिणेला ज्या दिवशी पहिल्यांदा उतरेल, ती तारीख अक्षांशाशेजारी वहीत लिहून ठेवावी.